सावरखिंडची शिरगणती

चिखले,
६ जानेवारी

धनेश,

धाकट्या भावाला पत्र लिहिताना वर आशीर्वाद लिहायचा असतो. लिहिला असं समज.

फोन करू नकोस. फोनवर तू बोलतोस, मी गप्प बसते, आणि नंतर तू लोकांना सांगतोस की ताईचंही तेच म्हणणं आहे. कागदावर तुला तसं करता येणार नाही.

निशिगंधाचा मेसेज पोचला. गुलाबाचं चित्र, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, त्याखाली तुम्हा नवराबायकोची नावं आणि तुझ्या नावापुढे तुझा हुद्दा. दादा तुझा सख्खा भाऊ होता. त्याला तुझा हुद्दा माहीत होता.

तुझा निरोपही पोचला. तुला दादाची वही हवी आहे. तेराव्याला तू वीस मिनिटांसाठी आलास. पाच मिनिटं पानावर बसलास आणि उरलेला वेळ दादाच्या ट्रंकेपाशी उभा होतास. हा भावाचे कपडे बघतो आहे, असं मला वाटलं. मी पाणी घेऊन आले तर तू म्हणालास, “ताई, यात ती निळी वही होती ना?” चितेभोवती फिरताना तुझा फोन दोनदा वाजला, ते मी सोडून दिलं होतं. हे सोडणार नाही.

वही माझ्याकडे आहे. देणार नाही.

ती तुला का हवी हे मला ठाऊक आहे. गेल्या उन्हाळ्यात तुझी माणसं जनगणनेच्या घरयादीसाठी सायवनच्या पुढे सावरखिंडला गेली, तेव्हा पाड्यावरच्या एकानेही नाव सांगितलं नाही. बायजा नावाची म्हातारी दारात आडवी बसली आणि म्हणाली, “गुरुजीच्या वहीत लिवलंय सगळं. तवा घेतलं नाय, आता उतरून घ्या.” दादा तेव्हा होता. तुमच्यापैकी कोणीही त्याच्याकडे वही मागायला गेलं नाही, कारण मागायला गेलं तर सोळा वर्षांपूर्वीचं बोलणं निघालं असतं. आता तो नाही, तेव्हा ट्रंक उघडायला हरकत नाही, असं तुला वाटलं.

तुझ्या यादीत सावरखिंडसमोर नुसती रेघ आहे. पुढच्या महिन्यात प्रत्यक्ष मोजणी. वरून विचारणा झाली असणार. आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात एवढासा एक पाडा आणि त्याने साहेबांची झोप उडवली आहे. दादाला हे कळलं असतं तर तो हसला नसता. मी हसले.

याच वहीला तू भर कचेरीत ‘मास्तरची कादंबरी’ म्हणाला होतास.

वसुमती

वेवजी,
१९ जानेवारी

धनेश,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, वर ‘विषय’ आणि ‘संदर्भ’, खाली सही. बहिणीच्या पत्राला संदर्भ म्हणणारा माणूस आपल्या घरात जन्मला याचं मला नवल वाटत नाही. तू चौथीत असताना आईच्या किराण्याच्या यादीवर शेरे मारायचास.

तू लिहितोस, ‘मोहनदादाने नियमभंग केला होता ही वस्तुस्थिती आहे.’

हो. केला होता. मोजणीच्या वीस दिवसांत जो एक दिवसही पाड्यावर नव्हता त्याला पाड्यावर लिहायचं नाही, तो जिथे असेल तिथे लिहायचा, हा नियम. सावरखिंडची तरणी माणसं दिवाळी झाली की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. बरोबर बायका, तान्ही पोरं, कोंबड्यासुद्धा. परततात ती होळीला. होळीला ती परततात म्हणजे परततातच, त्यासाठी कोणाला सांगावं लागत नाही. मोजणी संपली फेब्रुवारीत आणि होळी होती मार्चमध्ये. भट्टीवर जो मास्तर मोजायला गेला त्याने लिहिलं, ही इथली माणसं नव्हेत, हंगामी आहेत. पाड्यावर जो मोजायला गेला त्याने लिहायचं, घर बंद. म्हणजे दीड-दोनशे माणसं या देशात कुठेच नव्हती. भाजली जाणारी वीट होती, माणूस नव्हता.

दादा पाड्यावरच्याच शाळेत मास्तर. त्याने त्यांना घरी लिहिलं. सेहेचाळीस घरं, दोनशे सत्त्याऐंशी माणसं. तुम्ही ती कापून एकशे तीन केलीत, त्याच्या सेवापुस्तकात ‘खोटी गणना’ असा शेरा मारलात आणि बदलीचा हुकूम काढलात. त्याने बदली घेतली नाही. नोकरी सोडली आणि तिथेच राहिला.

मग ठाण्यातून आपला जिल्हा वेगळा निघाला. तू पेढे वाटलेस. मला आठवतंय, तू म्हणालास, “ताई, आता सरकार लोकांच्या दारात येणार.” दार कुठलं ते तुला विचारायला हवं होतं. तुम्ही कागदावर तालुके इकडचे तिकडे केलेत. दिवाळीनंतर अर्धा तालुका आपल्या पायांनी दुसरीकडे जातो, ते कुठल्या कागदावर आहे?

आता कामाचं. मोजणीसाठी माझी नेमणूक इथे वेवजीतच केली आहे, मी शिकवते त्या शाळेजवळचा भाग. गुजरातची हद्द हाकेवर. चहावाल्याकडे विचारपूस केली तर तो म्हणाला, “बाई, माना इकडेच लिवा हां. तिकडे लिवलं तर संध्याकाळची पंचाईत.” सगळे हसले. इथलं काम कोणीही करील. इथल्या माणसांना आपण कुठे आहोत ते माहीत आहे.

मला सावरखिंड दे. मोजणीचा भाग बदलून द्यायचा हुकूम तुझ्या सहीने निघतो. वही माझ्याबरोबर पाड्यावर येईल आणि तिथेच राहील. तुला पाड्याची गणना मिळेल, वही मिळणार नाही. विचार करायला तुला जेवढा वेळ लागेल त्यापेक्षा कमी वेळ उरला आहे.

वसुमती

सायवन,
४ फेब्रुवारी

धनेश,

हुकूम मिळाला. ‘विशेष बाब म्हणून’ असं लिहिलं आहेस. माझ्यावर उपकार केल्यासारखं. ठीक आहे.

तू खाली हाताने एक ओळ लिहिलीस. सोळा वर्षांत तुझ्या हातची पहिली ओळ. ‘दादाला नक्की काय झालं होतं?’

स्मशानात तू कोणाला विचारलं नाहीस. तेराव्यालाही नाही. मी सांगितलं नाही, कारण विचारल्याशिवाय सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. आता विचारलंस म्हणून लिहिते. एका दमात वाच.

चौदा डिसेंबरला सकाळी दादाच्या छातीत कळ आली. तो अंगणात पोरांना बाराखडी देत होता. टेकाडावर जाऊन फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली. गाडी आली, पण डांबर संपतं तिथपर्यंत. तिथून पाडा तीन किलोमीटर, मध्ये दोन ओहोळ आणि चढ. चादरीची डोली करून बांबूला बांधली. पण डोली उचलायला खांदे लागतात आणि खांदे भट्टीवर गेलेले. उरले कोण? बायजाचा नवरा, पासष्टीचा. शेजारचा काळ्या, तो एका पायाने लंगडतो. बायजा स्वतः आणि तिची सून, पोटुशी. चौघांनी त्याला उचललं. दर शंभर पावलांवर खाली ठेवायचे. दादा त्यांना म्हणत होता, “थांबा रे, दमलात. मला घाई नाही.” त्याला घाई नव्हती, हे त्याचं शेवटचं वाक्य. बायजाने मला सांगितलं.

दीड तास लागला. गाडीत चढवला तेव्हा तो होता. दवाखान्याच्या फाटकात नव्हता.

गाडीचा ड्रायव्हर डहाणूचाच मुलगा. तो म्हणाला, “बाई, रस्ता असता तर मी दारात गाडी लावली असती. या पाड्याला रस्ता का नाही?”

मला माहीत होतं का नाही. तुलाही माहीत आहे. आदिवासी भागात वस्ती अडीचशेच्या वर असेल तर पक्का रस्ता, असं तेव्हा तुम्हीच सांगत होतात. दोनशे सत्त्याऐंशीला रस्ता होता. एकशे तीनला नव्हता. ग्रामपंचायतीने तीनदा अर्ज केला, तीनदा उत्तर आलं, ‘लोकसंख्या अपुरी.’ उत्तरावर शेवटच्या वेळी सही तुझी होती. ती उत्तरं दादाने वहीत डकवली आहेत. कडेला काहीही लिहिलेलं नाही. शिवी असती तर बरं वाटलं असतं.

हे वाचून तू रडलास तर मला कळवू नकोस.

वसुमती

सावरखिंड,
१५ फेब्रुवारी

धनेश,

मी नऊ तारखेपासून इथे दादाच्या खोलीत राहते आहे. त्रेपन्न घरांपैकी एकतीस बंद. कुडाच्या घराला कुलूप नसतं. दाराला सुंभ बांधतात, गाठ मारतात आणि जातात.

एक गोष्ट मी तिन्ही पत्रांत लिहिली नाही. ती तुला माहीत आहे, त्यामुळे वाचताना तू मनात म्हणाला असशील, ही कोणत्या तोंडाने बोलते.

सोळा वर्षांपूर्वीच्या मोजणीत मी सायवनच्या शाळेत होते आणि पर्यवेक्षक होते. सहा मास्तरांची गणना तपासायची, त्यात दादाची. त्याने मला आधी सांगितलं होतं, “वसू, तपासायला होळीनंतर ये.” मी म्हटलं, “दादा, देशाची जनगणना तुमच्या होळीसाठी थांबत नाही.” ट्रेनिंगमध्ये पहिल्या बाकावर बसणारी मी. मी चोवीस फेब्रुवारीला आले, घरं मोजली, सुंभ मोजले. मग तू कचेरीत मला खुर्ची दिलीस, चहा मागवलास आणि म्हणालास, “ताई, दादाविरुद्ध काही लिहू नकोस. फक्त जे दिसलं ते लिही.”

मी लिहिलं. ‘सेहेचाळीसपैकी सत्तावीस घरे बंद आढळली.’ खाली सही, तारीख. एक अक्षर खोटं नव्हतं. त्याच कागदावर तू दादाची नोकरी कापलीस.

दादा त्यानंतरही दर दिवाळीला चिखल्याला यायचा. मी एकदाच विषय काढला. तो चिकू पुसत होता. म्हणाला, “तू दिसलं ते लिहिलंस.” त्यात राग नव्हता. मला राग हवा होता.

परवा बायजाबरोबर ओहोळावर गेले. तिने हंडा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

“तू त्याची बहीण ना?”

“हो.”

“तवा आलेली तू. पिवळं पातळ होतं.”

“हो.”

“दारांचे सुंभ मोजत फिरली. मी त्या आंब्याखाली बसलेली भात निवडत. माना इचारलं असतं तर सांगितलं असतं, कोण कुठं गेलाय ते.” तिने हंडा डोक्यावर घेतला. “इचारलं नाय.”

एवढंच बोलली ती. शिव्या देण्याची यांना सवय नाही. तू मला एवढं स्वस्तात सोडलं नसतंस.

आता ऐक. नियमपुस्तक मी पुन्हा वाचलं, या वेळी दादाच्या खोलीत बसून. जो या मुदतीत एक दिवसही आपल्या घरी असेल तो घरी मोजायचा. एक दिवस पुरतो. दादाने आणि मी, दोघांनीही हे वाचलं होतं, पण त्या एका दिवसासाठी भट्टीवरून कोण सोडणार? मी बायजाला विचारलं, होळीआधी शेठ सोडतो का. ती म्हणाली, “मयताला सोडतो. मोजणीला नाय सोडत.”

मग तिचं तिलाच सुचलं. म्हणाली, “गुरुजी गेला तवा आमचा कोणी नव्हता. सदू भट्टीवर ऐकून रडला. त्याचा दिस करायचा राहिलाय.”

दादाचा दिवस वीस तारखेला ठरला आहे. सदू, म्हणजे बायजाचा मुलगा, भट्ट्यांवर निरोप घेऊन गेला. टेम्पो करून सगळे येणार, एक रात्र राहणार, एकवीसच्या दुपारी परत. यात खोटं काही नाही. दिवस खराच करायचा आहे आणि माणसंही खरी आहेत.

तुझ्या ऑफिसात या आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मला कळतं. तेव्हा एकवीसला सकाळी तू स्वतः ये. डोळ्यांनी बघ आणि जागेवर सही कर. या वेळी कापायचं असेल तर माणसांसमोर काप.

वहीत दादाने प्रत्येक घराला तीन रकाने केले आहेत. नाव, कुठे गेला, कधी येणार. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘होळी’. शेवटचं पान चिखल्याचं आहे, आपल्या घराचं. माझ्या नावापुढे ‘वेवजी, दर शनिवारी’. तुझ्या नावापुढे ‘पालघर’ आणि तिसरा रकाना रिकामा. पेन्सिलने लिहून खोडल्याच्या खुणा आहेत, एकदा नव्हे, बऱ्याचदा.

वसुमती

सावरखिंड,
२३ फेब्रुवारी

धनेश,

तू डांबर संपतं तिथपर्यंत आलास. पुढचं तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

वीसच्या संध्याकाळी तीन टेम्पो आले. तुझी जीप दुसऱ्या दिवशी जिथे उभी राहिली तिथेच उतरले आणि चालत वर आले. आल्या आल्या प्रत्येकाने आपल्या दाराचा सुंभ सोडला. मग एवढा गलबला झाला की दादाला आवडलं असतं. अंगणात दादाचा फोटो ठेवला, भात शिजला, पाड्यावरच्या धाकल्याने भोपळ्याचा तारपा वाजवला. माझ्या मनात आलं, मयताला वाजवतात का? मी विचारलं नाही. मग आठवलं की न विचारण्याची माझी खोड आहे, आणि विचारलं. सदू म्हणाला, “गुरुजीला आवडायचा, बाय.”

सकाळी मोजायला बसले. इथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून आधी कागदावर उतरवलं. आधी म्हाताऱ्यांना विचारलं, मग पोरांना. दुबार नाव नको म्हणून प्रत्येकाला विचारत होते, “भट्टीवर कोणी मोजून गेलं का?”

सदू हसला. “भट्टीवर विटा मोजतात, बाय.”

त्यावर सगळं अंगण हसलं. मीही हसले. तुझ्या ऑफिसात या हसण्याला रकाना नाही.

तू पाठवलेला क्लार्क रोशन नऊ वाजता धापा टाकत आला. बूट ओहोळात भिजलेले. चांगला मुलगा आहे. त्याने प्रत्येक दारात जाऊन माझा आकडा पडताळला, भाकर खाल्ली आणि दर अर्ध्या तासाने टेकाडावर जाऊन तुला फोन लावत राहिला. दहा वाजता येऊन मला म्हणाला, “मॅडम, साहेब विचारतायत अजून किती वेळ. खाली ऊन लागतंय.”

बायजाने ऐकलं. म्हणाली, “सायबाला सांग, वर ये. तीन किलोमीटर आहे. गुरुजीला आमी चौघांनी उचलून नेला, तुला तर नुसतं चालायचंय.”

रोशनने हे तुला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. तू आला नाहीस एवढं माहीत आहे. साडेअकराला जीप वळवल्याचा आवाज वरपर्यंत आला. सदूने विचारलं, “कोणाची गाडी?” मी म्हटलं, “ऑफिसची.” भाऊ आहे म्हणायची मला लाज वाटली. तुझ्याबद्दल मला आजवर बरंच काही वाटलं आहे, लाज नव्यानेच.

तुझी सही नाही. रोशनची आहे, साक्षीदार म्हणून सदूचा अंगठा आणि सकाळी वर आलेल्या ग्रामसेवकाची सही आहे, आणि माझी आहे. सगळं सायवनला उतरून मोबाइलवर भरलं आणि पाठवलं. आता कापायचं असेल तर तुला कागदावर कारण लिहावं लागेल, आणि ते कारण घेऊन मी तुझ्या वरच्या साहेबाकडे येईन. मी कमी बोलते, पण चालते बरी.

सावरखिंड. घरं चोपन्न. माणसं तीनशे बारा.

दादा वहीत दर वर्षी भर घालत गेला, तरी तिच्यात घरं त्रेपन्नच आहेत, हे तुझ्या लक्षात येईल. चोपन्नावं दादाची खोली. तिच्यात माणूस एक. नाव वसुमती, वय सत्तावन्न, व्यवसाय शिक्षिका. मी नऊ तारखेपासून इथेच आहे आणि एप्रिलअखेर निवृत्त झाले की इथेच राहणार आहे. अंगणात बाराखडी अर्धी राहिली आहे. नियमात बसतं. हवं तर पुस्तक बघ.

बायजाच्या सुनेला मुलगी झाली, आदल्याच आठवड्यात. तीच पोटुशी, जिने डोली उचलली होती. मुलीला अजून नाव नाही, तरी मी तिला मोजलं.

चिखल्याच्या घराला कुलूप लावून आले आहे. किल्ली शेजारी ठेवलेली नाही. तुझी माणसं तिथे येतील, दोनदा कडी वाजवतील आणि ‘बंद’ लिहितील. बरोबरच लिहितील.

दादाची वही बायजाच्या घरी, भाताच्या कणगीवर ठेवली आहे. शेवटच्या पानावरचा तुझा तिसरा रकाना मी पुष्कळ वेळ बघत बसले. दादाने खोडलेलं पेन्सिलीचं अक्षर उजेडात धरलं की वाचता येतं. प्रत्येक वेळी त्याने एकच शब्द लिहिला होता. होळी.

मी तिथे काही लिहिलं नाही. मी जे दिसतं तेच लिहिते. एकवीस तारखेला मला फक्त धूळ दिसली.

होळी पुढच्या महिन्यात आहे. रस्ता अजून नाही. चालत यावं लागेल.

वसुमती